वाढत्या अंगाचं दप्तर

आमच्या घरात मापाचं असं कधी काही शिवलंच गेलं नाही. माझ्या सासूबाईंचा तो कायदाच होता. कापड हातात आलं की पहिला प्रश्न, "अंग अजून वाढायचंय ना?" मग समोर चार महिन्यांचं तान्हं असो, नाहीतर मिशीवाला बाप्या. माझ्या नवऱ्याचा लग्नाचा कोट त्यांनीच शिवला होता. सत्तावीस वर्षांचा नवरदेव आणि बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत! माझ्या बोटात अंगठी घालायची वेळ आली, तेव्हा आधी बाहीतून ह्यांचा हात शोधून काढावा लागला. सगळे फिदीफिदी हसत होते. सासूबाई पुढच्या बाकावरून मोठ्यांदा म्हणाल्या, "हसताय काय? लग्नानंतर अंग भरतं!"

ते काही भरलं नाही. माणूस काडीचा काडीच राहिला. कोट मात्र अजून आहे, आणि अजून मोठाच आहे.

आम्ही ठाण्याचे मराठी ज्यू. बासष्ट साली इस्रायलला आलो ते चौघं: मी, हे, पाच वर्षांची आमची मुलगी आणि सासूबाई. पाचवं म्हणायचं तर सासूबाईंचं हातानं फिरवायचं शिवणयंत्र. ते त्यांनी दोन गोधड्यांत गुंडाळून आणलं होतं आणि वाटेत कोणाला हात लावू दिला नव्हता. आम्हाला किर्यात गात ह्या गावी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. गाव नवं, माणसं नवी, झाडं तर इतकी नवी की त्यांच्यापेक्षा त्यांना बांधलेल्या काठ्या उंच. मुंबईच्या ऑफिसात टायपिंग करणारे हे इथे साखर कारखान्यात लागले. साखर बिटाची होते, हे सासूबाईंना कधीच पटलं नाही. चहात घालताना म्हणायच्या, "ह्याच्या कारखान्यातलं ते औषध दे जरा."

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या जाण्याबद्दल. कारण त्या इथे राहायला आल्याच नव्हत्या. आल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं होतं, "पोरगी शाळेत रुळली, की मी चालले ठाण्याला." तिथे थोरले दीर होते, त्यांनी विमानाचं तिकीट पाठवायचं कबूल केलं होतं. आणि मुख्य म्हणजे तिथे सासरे होते. कबरस्तानात. त्यांच्या डाव्या हाताची जागा सासूबाईंनी आपल्यासाठी बोलून ठेवली होती. "जन्मभर ह्यांच्या डाव्या बाजूला झोपले," त्या म्हणायच्या, "आता मेल्यावर कुठे परक्या ठिकाणी जाऊन निजू?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांच्या खाटेखाली त्यांचा प्रवासात अंथरूण बांधायचा होल्डॉल होता. हिरव्या कॅनव्हासचा, जाड चामड्याच्या पट्ट्यांचा, पितळी बकलांचा. सासऱ्यांनी नोकरीत असताना घेतलेला. आणि त्या होल्डॉलच्या पोटात, चादरीच्या खाली, पांढऱ्याशुभ्र लाँगक्लॉथचा एक मोठा तुकडा होता. स्वतःच्या कफनासाठी त्यांनी तो ठाण्याच्या बाजारात स्वतः जाऊन, दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून आणला होता. कोपऱ्यावर गिरणीचा निळा मोर छापलेला. दरवर्षी पेसाहच्या सणाआधीच्या साफसफाईत तो तुकडा बाहेर यायचा, दोरीवर उन्हात पडायचा, पिवळा पडला नाही ना म्हणून उलटसुलट तपासला जायचा आणि पुन्हा आत. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा एकदा विचारलं होतं, "आई, सगळ्यांचं शिवता, मग हेच का नाही शिवून ठेवत?" त्यांनी कापडाची घडी माझ्यापासून लांब सरकवली. म्हणाल्या, "शिवलं की बोलावणं येतं. न शिवलेलं बरं."

आमचं भांडण झालं की तो होल्डॉल खाटेखालून बाहेर यायचा. आणि भांडण तर रोजचंच. मी रागीट, त्या हट्टी आणि दोन खोल्यांत पळून जायला जागा नाही. एकदा मी बर्फातल्या माशाची आमटी केली. इथे मासे लादीसारखे गोठवलेले मिळायचे, डोकं नाही, शेपूट नाही, नारळाचा तर पत्ता नाही. त्यांनी एक घास घेतला आणि विचारलं, "हा मासा कधी पाण्यात गेला होता का गं?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "समोर वाळवंट आहे, टाका गळ आणि आणा तुमचा बोंबील!" झालं. घर्रर्र करत होल्डॉल बाहेर. ह्यांनी तर त्याचं शास्त्रच करून ठेवलं होतं. कामावरून आले की आधी आत डोकावायचे. होल्डॉल अर्धा बाहेर असला तर चूक माझी. पूर्ण बाहेर असला तर चूक ह्यांची, कारण ह्यांनी आम्हाला इथे आणलं. आणि बकलं लावलेली असली तर जेवण नाही.

त्या जाव्यात असं मला वाटायचं का? सकाळी वाटायचं. दुपारी मी भाषेच्या वर्गातून परत यायचे, डोकं हिब्रूनं भणभणलेलं असायचं, आणि जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू यायचा, "आली का बाई? किती उशीर! चहा उकळून काढा झाला की!" तेव्हा मात्र नाही वाटायचं.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मुलगी पहिलीत जायची झाली. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, यल्कूट पाहिजे. म्हणजे पाठीवरचं दप्तर, दोन खांद्यांत दोन पट्टे. आमच्या ठाण्यात खाकी पिशवी एका खांद्यावर अडकवली की झालं शिक्षण. इथे पाठ पाहिजे म्हणे, सरळ राहते. आम्ही तिघी दुकानात गेलो.

दुकानदार रुमानियाचा होता, पँटला गॅलिस लावलेला, गंभीर. त्यानं काउंटरवर चामड्याचं दप्तर ठेवलं. तपकिरी, चकचकीत, छोट्या पेटीसारखं ताठ. मला आवडलं. मुलीला तर इतकं आवडलं की तिनं श्वासच रोखला. सासूबाईंनी ते उचललं, वास घेतला, शिवणीवरून नख फिरवलं, उलटं करून झटकलं. मग मला म्हणाल्या, "विचार त्याला, ह्यात वाढ कुठे आहे?"

आता हे कसं विचारायचं? मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हळूहळू वर नेला, मग दप्तराकडे बोट केलं. दुकानदारानं दोन बोटं दाखवली. दोन वर्षं टिकेल.

"दोन?" सासूबाई कडाडल्या. "आणि तिसऱ्या वर्षी पोरगी काय पुस्तकं पदरात बांधून नेणार?"

दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण त्यानं दप्तर दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवलं. मुलीनं भोकाड पसरलं. सासूबाई म्हणाल्या, "रडू नको. मी शिवते."

मग कापडाचा शोध. बाजारातला गादीपाट पाहिला, तो विरविरीत निघाला. ह्यांनी कारखान्यातून ताडपत्रीचा तुकडा आणला, त्याला डांबराचा वास. ह्यांची जुनी पँट मी पुढे केली, तर म्हणाल्या, "ह्याच्या पँटीत काय होणार? फार तर दप्तराचा खिसा." शाळा उघडायला आली. मुलगी रोज विचारायची, आजी, झालं? मी रोज मनातल्या मनात त्या वरच्या फळीवरच्या दप्तराकडे बघायचे आणि चरफडायचे.

एक दिवस वर्गातून घरी आले, तर खोलीच्या मधोमध होल्डॉल. आज सकाळी तर भांडण झालं नव्हतं! जवळ गेले. होल्डॉल उभा चिरलेला होता. पट्टे एका बाजूला, बकलं वाटीत, आणि सासूबाई खाली फतकल मारून कात्री चालवत होत्या.

"आई! अहो, होल्डॉल!"

"मग? घरात धड कापड एवढं एकच आहे."

"आणि तुम्ही ठाण्याला जाणार कशात सामान बांधून?"

"गोणपाटात. तुला कशाला काळजी?"

"आणि आतलं ते… ते पांढरं?"

"ठेवलंय नीट," त्या म्हणाल्या. "तू चहा टाक."

पेटीत ठेवलं असेल, असं मी धरून चालले आणि चहा टाकला.

मापं घ्यायची त्यांची पद्धत निराळी होती. मुलीला एकदा उभी केली, इंच-टेप लावली न लावली आणि सोडून दिली. मग ह्यांना हाक मारली. "इकडे ये. पाठ कर." हे बिचारे हातातला पेपर घेऊन उभे राहिले. खांद्यापासून कमरेपर्यंत, काखेपासून काखेपर्यंत, सगळी मापं ह्यांची.

"आई, दप्तर माझं आहे का?" ह्यांनी विचारलं.

"पोराचं माप घेऊन काय उपयोग? ते रोज बदलतं. बापाचं घ्यावं. पोरगं तिथपर्यंत जाणारच ना!"

आणि मग यंत्र सुरू झालं. घरात नुसती खडखड. मी शिवायला हात लावायचा नाही, हा दुसरा कायदा. माझी टीप सरळ जात नाही, असं त्यांनी माझ्या लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं होतं आणि त्यावर फेरविचार नव्हता. पाठीकडचा भाग तर त्यांनी मी वर्गात असतानाच केला. यंत्रही नाही, हातानं, सुईनं.

दप्तर तयार झालं. मी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दोन्ही बाजूंना चुण्यांवर चुण्या, दरवर्षी एकेक उसवायची. आत चार बोटं माया. खांद्याचे पट्टे म्हणजे होल्डॉलचेच चामडी पट्टे, त्यांना पार टोकापर्यंत भोकं. पहिलं भोक पहिलीचं, दुसरं दुसरीचं, आणि शेवटचं बहुधा मुलीच्या लग्नाचं. हे आले, दप्तराभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आई, ह्यात पुस्तकं ठेवायची की पोरगी?"

मुलगी मात्र हसेना. तिला ते वरच्या फळीवरचं चकचकीत हवं होतं. ओठ बाहेर काढून, हात मागे बांधून उभी. सासूबाईंनी काही समजावलं नाही, नुसतं दप्तर तिच्या पाठीवर चढवलं. मुलगी जराशी मागे रेलली. मग आणखी रेलली. तिचा चेहराच बदलला. हल्ली ती मराठीला उत्तर हिब्रूत द्यायला शिकली होती. तशीच म्हणाली, मऊ आहे, उशीसारखं.

"काय म्हणते?" सासूबाईंनी मला विचारलं.

"मऊ आहे म्हणते."

"असणारच," त्या म्हणाल्या आणि सुया डबीत ठेवायला लागल्या.

शाळेचा पहिला दिवस. मागून पाहिलं तर मुलगी नव्हतीच. एक हिरवं दप्तर होतं आणि त्याला खाली दोन सँडल होते. जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर धप्प, धप्प आपटत होतं. गॅलऱ्यांतून बायका वाकून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई मात्र ताठ मानेनं पुढे, नऊवारीचा काष्टा सावरत, कौतुकानं मागे वळून बघत. शाळेच्या फाटकात मुलीनं वर पाटीकडे बघायला मान उचलली आणि गेली की मागच्या मागे! उताण्या झुरळासारखे हातपाय हलवते, उठता येईना. चार पोरांनी मिळून उभी केली.

दुपार व्हायच्या आतच शाळेतून मला बोलावणं आलं. बाई कोवळी होती, पायात सँडल, केस पोरासारखे कापलेले. माझ्यापुढे दप्तर ठेवून म्हणाली, "गदोल! गदोल!" म्हणजे मोठं. एवढं मलाही कळत होतं. मी म्हटलं, मुलं वाढतात. म्हणजे म्हणायचं होतं. शब्द आठवेना, म्हणून हात वर आभाळाकडे केला. बाईनंही वर छताकडे पाहिलं. मग तिनं कपाळाला हात लावला आणि हातवारे करून खरी हकिगत सांगितली. मधल्या सुट्टीनंतर तिनं पोरं मोजली, तर एक कमी. सगळीकडे शोधाशोध झाली, माळ्याला हाका, विहिरीसारख्या खड्ड्यात डोकावणं. शेवटी पोरगं सापडलं आमच्या दप्तरात. मऊ लागलं म्हणून आत शिरलं होतं आणि झोपलं होतं, चांगलं गाढ, तोंडात अंगठा घालून.

ते पोरगं कोणाचं? आमच्या समोरच्या दारातल्या मोरोक्कोवालीचं! सात मुलांची आई, आवाज असा की खालच्या रस्त्यावरची बस थांबावी. संध्याकाळी आमचं दार धाडधाड वाजलं. मी पदर खोचला. आता भांडण हिब्रूत करावं लागणार, म्हणून दोनचार शब्दही गोळा केले. ती आत आली ती सरळ दप्तराकडे. उचललं, उलटं केलं, चुण्यांत मूठ घालून पाहिली, माया बोटानं मोजली, पट्ट्यांच्या भोकांवरून बोट शेवटपर्यंत नेलं. मग एकदम सासूबाईंना मिठी मारली आणि त्यांच्या दोन्ही गालांचे मटामट मुके घेतले. सात मुलांच्या आईला त्या दप्तराबद्दल काही समजावून सांगावं लागलं नाही.

"पुसून घेऊ का गाल?" सासूबाईंनी मला विचारलं. "तिला राग तर नाही येणार?"

तिला तसंच एक हवं होतं, त्या झोपाळू पोरासाठी. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं नको. त्याचा बाप आण."

हे मी खुणांनी कसं सांगितलं ते विचारू नका. पण बाप आला. बसचा ड्रायव्हर होता, दाराएवढा रुंद, गंजीफ्रॉकवर. सासूबाईंनी त्याला जिन्यात पाठमोरा उभा केला, स्वतः वरच्या पायरीवर चढल्या आणि टेप लावली. त्यानं खुशीत दोन्ही हात आडवे पसरले. त्यांनी चापट मारून खाली केले. "बस कमी चालव आणि जरा ताठ उभा राहा!" मराठीत दम भरला. तो ताठ झाला. टेप पुरेना, म्हणून उरलेलं माप सुतळीनं घेतलं.

शुक्रवारी तो दाढी करून, तेल लावून हजर. शर्ट झाला का, असं हातानं विचारतो! बाईनं आपल्याला इतकं मोजलं ते काय उगीच? मी त्याच्यापुढे पोराचं दप्तर धरलं. त्याचा चेहरा इतका पडला की मला हसू आवरेना. त्या दिवशी नेमका सासूबाईंनी मुलगी शाळेत गेल्याचा नवस फेडायला एलियाहू हन्नाबी ह्या आमच्या पैगंबराच्या नावाचा मलिदा केला होता. पोहे, साखर, फळं आणि खोबरं म्हणून कुठूनसा मिळालेला वाळका कीस. त्यांनी त्याला बशी भरून दिली. त्यानं ती चाटूनपुसून खाल्ली आणि शर्टाचं दुःख गिळलं.

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. ह्या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये. कोणी तंबूचं कापड आणायचं, कोणी नवऱ्याचा जुना लष्करी कोट. पाठीच्या आत घालायला मऊ चिंध्या ज्याच्या त्यानं आणायच्या. आणि आमच्या जिन्यात बापांची रांग! रुमानियाचे, ट्युनिसचे, इराकचे; सगळे भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखे उभे. तो चामड्याच्या दप्तरांचा दुकानदारसुद्धा एकदा बघून गेला. सासूबाईंनी त्याची टेपनं पाठ मोजायला घेतली, तेव्हा गॅलिस सावरत पळाला. प्रत्येक आईला त्या जाताना एक चूण दाखवायच्या, मग ब्लेडनं उसवल्यासारखं करायच्या आणि एक बोट वर धरायच्या. पुढच्या वर्षी ये, सोडून देते.

मी म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी तुम्ही कुठे असणार? का लोकांना उगीच कबूल करता?"

"मग काय तुझ्याकडे पाठवू? तुझी टीप बघून परत जातील आपापल्या देशाला."

म्हणजे जाणार की राहणार? ताकास तूर लागू देतील तर शपथ. होल्डॉल गेला होता, तरी भांडण झालं की त्या खाटेखाली वाकायच्या, काही हाताला लागायचं नाही, मग एक गोणपाट ओढून काढायच्या आणि त्यावर फणकाऱ्यानं बसायच्या.

पेसाह आला. साफसफाई झाली, गोधड्या उन्हात पडल्या. पांढरं कापड काही दिसलं नाही. मी आठवण केली, तर म्हणाल्या, "बघून झालं माझं." आणि सणाच्या पाठोपाठ ठाण्याहून थोरल्या दिरांचं जाड पाकीट आलं. आत विमानाचं तिकीट. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की लगेचच्या आठवड्याचं.

सासूबाईंनी ते घड्याळाच्या मागे उभं करून ठेवलं. वेळ बघायला मान वर केली की तिकीट दिसायचंच. हे संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ जाऊन उगीच बसायचे आणि उठून जायचे. मी मात्र जास्तच भांडायला लागले. आमटीवरून, चादरीवरून, कशावरूनही. मला भीती वाटत होती, दुसरं काय? ही बाई गेली की जिना चढताना वरून हाक मारणारं कोण? नवरा कारखान्यात, मुलगी हिब्रूत, मी मराठीत भांडणार कोणाशी, भिंतीशी? पण "जाऊ नका" एवढे दोन शब्द काही माझ्या तोंडून निघेनात. त्यांनीही कधी तसं काही निघायला वाट ठेवली नाही.

बघता बघता शाळा उघडायला आली. जिन्यात पुन्हा रांग. ह्या खेपेला पोरं आणि दप्तरं. खरं म्हणजे एकाही दप्तराला सोडायची गरज नव्हती. पोरं वर्षभरात अशी काय वाढणार? दप्तरं अजून त्यांच्या पोटऱ्यांवर आपटत होती. पण आयांना कबूल केलेली चूण हवी होती. सासूबाई प्रत्येक पोराला उभं करून, गंभीरपणे मान हलवून, एकेक चूण उसवून देत होत्या. ड्रायव्हरही आला होता. तो वर्षभरात आणखी सुटला होता. त्याच्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "पोरगं ह्याच्यावर गेलं तर दप्तर नाही, तंबू शिवावा लागेल."

आमच्या मुलीचं दप्तर तेवढं राहिलं. उद्या बघू, परवा बघू. सगळ्या गावाचं झालं, घरचं नाही. चार दिवसांत शाळा, त्याच्या पुढच्या आठवड्यात विमान. त्या दुपारी माझ्या डोक्यात सणक गेली. दुसऱ्यांच्या पोरांना वेळ आहे, नातीला नाही? मी दप्तर ओढलं, ब्लेड घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून उसवायला लागले. त्या यंत्रावर होत्या. मी हात लावते आहे हे बघूनही काही बोलल्या नाहीत. मी चुण्या उसवायला हव्या होत्या; मला मेलीला काय कळतंय शिवणातलं, मी पाठीची शिवण धरली. सर्रकन उघडली.

आत चिंध्या नव्हत्या. घडीवर घडी घातलेलं पांढरं कापड होतं, बारीक धावदोऱ्यानं गोधडीसारखं टाचलेलं. मी कोपरा ओढला. निळा मोर बाहेर आला.

"आई…" मी मोरावर बोट ठेवलं. "हे काय?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चुकीची शिवण उसवलीस. मला ठाऊकच होतं."

"हे तुमचं कापड आहे."

"मग? दुसऱ्याचं कशाला वापरू?"

"अहो, कफनाचं कापड पोरीच्या पाठीला?"

"कुठलं कफन? मी शिवलं होतं का? शिवत नाही तोवर ते नुसतं कापड. चांगलं मऊ होतं. पुस्तकांचे कोपरे टोचतात पोरांना."

म्हणजे गेल्या वर्षीच. पहिल्या दप्तराच्या वेळीच. इतके महिने आम्ही घड्याळाकडे बघून झुरत होतो, आणि ह्या बाईनं जायचं कापड कधीच कापून, टाचून, नातीच्या पाठीवर चढवून दिलं होतं. मला इतका राग आला, इतका राग आला की मी रडायला लागले.

"आणि बाबा?" मी हुंदके देत विचारलं. "त्यांची डावी बाजू?"

यंत्राचं चाक थांबलं. "सांगितलं त्यांना," त्या म्हणाल्या. "शिवतानाच सांगितलं. म्हटलं, माझी वाट बघू नका, आता ऐसपैस झोपा."

जिन्यात पोरं धपधप करत होती.

"मग ते तिकीट? ते कशाला ठेवलंत डोळ्यांसमोर?"

"असू दे की. होल्डॉल गेला, कापड गेलं. तुला धाकात ठेवायला घरात काहीतरी नको?"

मी रडता रडता हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले. त्यांनी माझ्या हातातून दप्तर ओढून घेतलं, मोर आत ढकलला, सुईत दोरा ओवला. मला एक विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"पण आई… पुढे कधी… तुम्हाला लागेल तेव्हा?"

"इथे देतात म्हणे," त्या सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "त्या ड्रायव्हरची आई वारली, तेव्हा तिला दिलं. मी चौकशी केली आहे. तयार असतं, मापाचं."

"मापाचं?" मी म्हटलं. "तुम्हाला चालेल?"

त्यांनी दोरा दातानं तोडला.

"चालेल. मला आता कुठे वाढायचंय?"